टॉप मॉडेल की कामाचे मॉडेल?
बर्फाळ मुलखात रोजच्या फिरतीसाठी गाडी निवडताना



कापडाचा ठोक खरेदीदार दुकानात आला म्हणजे आधी काय करतो? तो ठाण उलगडतो, सुताचा काउंट विचारतो, रीड-पीक मोजतो, कापड उलटे करून पाहतो आणि दोन बोटांत चोळून बघतो. घडीवरच्या सोनेरी छापाकडे तो ढुंकूनही पाहत नाही. छापाचे वेगळे पैसे मागितले तर हसून उठून जाईल. परंतु हाच हुशार माणूस मोटार घ्यायला गेला की त्याची सगळी पारख दुकानातच राहते. तेथे तो नेमका छापावरच भाळतो आणि "टॉप मॉडेल द्या" म्हणून मोकळा होतो.

इतरांना नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आम्ही स्वतः असेच भाळलो होतो. त्यात पैसा गेला, एका गरीब मुलाचा हात मोडला आणि एका कारागिराची वर्षभराची मेहनत चिखलात भिजली. त्या अनुभवातून जे शिकलो ते आज धड्याच्या रूपाने मांडत आहोत. गाडीचा विषय काश्मीरच्या थंडीचा असला तरी खरेदीचा हिशेब कोणत्याही गावच्या व्यापाऱ्याला उपयोगी पडेल.

काम काय होते?

आमचे दुकान मालेगावात आहे. मूळ धंदा सुती मालाचा, पण काही वर्षांपासून काश्मिरी शालींचाही व्यवहार आहे. श्रीनगरला आमचे भागीदार आहेत. वयाने मोठे असल्याने आम्ही त्यांना भाईजान म्हणतो. ते बडगाम जिल्ह्यातील गावांतून कारागिरांचा माल गोळा करतात. श्रीनगरहून गुलमर्गकडे जाताना याच भागात कानीहामा हे गाव लागते. तेथील कानी शाल प्रसिद्ध आहे. रंगीत धागा गुंडाळलेल्या लहान लहान लाकडी काड्यांनी ती विणतात. एका शालीला कित्येक महिने लागतात, नक्षी दाट असेल तर वर्षाच्याही वर काळ जातो. २००८ साली या शालीला भौगोलिक निर्देशनाची सरकारी नोंदणी मिळाली.

आता अडचण अशी की शालींना मागणी असते थंडीतच आणि फिरतीही करावी लागते थंडीतच. काश्मिरात २१ डिसेंबरपासून ४० दिवसांचा 'चिल्लई कलान' सुरू होतो. त्यानंतर २० दिवसांचा 'चिल्लई खुर्द' आणि १० दिवसांचा 'चिल्लई बच्चा' येतो. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे. या दिवसांत रात्रीचे तापमान शून्याच्या बरेच खाली जाते. दिवसा वितळलेले पाणी रात्री रस्त्यावरच गोठते आणि सकाळी काचेसारखा पातळ थर तयार होतो. त्याच्या खालून डांबराचाच रंग दिसत असल्याने तो नजरेस पडत नाही. भाईजानांना अशा रस्त्यावर आठवड्यातून चार-पाच वेळा जावे लागते. सहलीला गेलेला माणूस बर्फ पडला तर हॉटेलात बसून राहू शकतो. ज्याला माल आणायचा आहे त्याला बसून चालत नाही.

पहिली चूक

२०२१ साली आम्ही भागीदारीत एक उंच, रुबाबदार गाडी घेतली. शिडीवरची सर्वात वरची पायरी घेतली. छताला काचेची खिडकी, चामड्याची आसने, मोठा पडदा, मोठी चकचकीत चाके, सगळे होते. गाडीचे नाव लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. तिचे इंजिन फक्त पुढची दोन चाके फिरवते ही गोष्ट आम्ही विचारलीच नव्हती. गाडी उंच आहे, एसयूव्ही म्हणतात, म्हणजे डोंगरात चालणारच, असे आम्ही धरून चाललो.

जानेवारी २०२३ मध्ये एका चढावर पुढची चाके जागीच फिरू लागली आणि गाडी मागे घसरत ओढ्याच्या कडेला जाऊन आडवी झाली. अल्लाहच्या कृपेने ड्रायव्हर वाचला, पण त्याचा हात मोडला. तो आमच्या मुलाच्या वयाचा होता. मागची काच फुटून बर्फाचा चिखल आत आला आणि गाठोड्यातील शाली भिजल्या. त्यांतील एक शाल विणायला कारागिराला चौदा महिने लागले होते. तो माल आमच्याकडे अमानत होता. आम्ही त्याची पूर्ण किंमत दिली, पण त्याच्या डोळ्यांना आणि बोटांना पडलेले चौदा महिने कोण परत देणार?

मॉडेलची शिडी कशी वाचावी?

प्रत्येक कंपनी एकाच गाडीची चार-पाच मॉडेल्स काढते. खालचे स्वस्त, वरचे महाग. ही शिडी शहरातील गिऱ्हाईक डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असते. प्रत्येक पायरीवर दहा-बारा वस्तू एकत्र बांधून दिल्या जातात. त्यांतील एक-दोन आपल्या कामाच्या असतात, बाकीच्या गाठोड्यासोबत घ्याव्या लागतात. म्हणून "वरचे चांगले, खालचे हलके" हा हिशेब खोटा ठरू शकतो. आपल्याला लागणारी वस्तू कितव्या पायरीवर ठेवली आहे एवढेच आधी शोधायचे असते. तीन खरी उदाहरणे घेऊ. भाव बाजारात गाडी आली त्या वेळचे, शोरूमचे आहेत. पुढे ते बदलले, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलल्यावरही बदलले. म्हणून आजचा भाव विचारूनच घ्यावा. येथे आपल्याला पायऱ्यांमधील अंतर पाहायचे आहे.

पहिले उदाहरण : मारुतीची जिम्नी जून २०२३ मध्ये बाजारात आली. तिच्या दोनच पायऱ्या होत्या, झीटा आणि अल्फा. हाताने गिअर टाकायच्या गाडीत झीटा १२.७४ लाखांना आणि अल्फा १३.६९ लाखांना होती. फरक ९५ हजारांचा. चारही चाके फिरवणारी यंत्रणा, चढासाठी जादा ताकदीचा हळू गिअर, घसरण आवरणारी ईएसपी, उतारावर वेग धरून ठेवणारी व्यवस्था आणि सहा एअरबॅग हे सर्व दोन्ही पायऱ्यांवर सारखेच होते. इंजिन तेच, जमिनीपासून उंची तीच २१० मिलिमीटर, टायरचे मापही तेच. अल्फामध्ये अधिक काय? अलॉयची चाके, एलईडी दिवे व ते धुणारा फवारा, आपोआप चालणारे वातानुकूलन, बटणाने सुरू होणारे इंजिन, मोठा पडदा इत्यादी. म्हणजे कापड तेच, फक्त काठ जरीचा.

दुसरे उदाहरण : मारुतीचीच ग्रँड व्हिटारा सप्टेंबर २०२२ मध्ये आली. येथे शिडी उलट आहे. सिग्मा १०.४५ लाख, डेल्टा ११.९० लाख, झीटा १३.८९ लाख आणि अल्फा १५.३९ लाख. या चारही पायऱ्यांवर पुढची दोनच चाके फिरत. चारही चाकांची यंत्रणा हवी असेल तर अल्फाच घ्यावी लागे आणि तीही १६.८९ लाखांची. म्हणजे डेल्टावर समाधान मानणाऱ्या माणसाला एका वस्तूसाठी जवळजवळ पाच लाख अधिक मोजावे लागत. त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट पुढे आहे. याच गाडीची बॅटरीच्या जोडीने चालणारी हायब्रिड झीटा प्लस १७.९९ लाखांना होती. ती चार चाकांच्या अल्फाहून महाग, पण तिची फिरणारी चाके दोनच! शहरात पेट्रोल वाचवायचे असेल तर ती उत्तम, कानीहामाच्या चढावर तिचा भाव कामी येत नाही.

तिसरे उदाहरण : महिंद्राची नवी थार ऑक्टोबर २०२० मध्ये आली तेव्हा प्रत्येक मॉडेल चारही चाकांचे होते. जानेवारी २०२३ मध्ये त्याच नावाची, त्याच अंगलोटाची, पण फक्त मागची दोन चाके फिरवणारी स्वस्त थार आली. रस्त्यावर दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर अनोळखी माणूस फसेल. नाव आणि अंगलोट पाहून माल घेणे किती धोक्याचे आहे हे यावरून कळते. आणि ह्युंदाई क्रेटासारख्या लोकप्रिय गाडीत तर सर्वात वरची पायरी घेतली तरी पुढचीच दोन चाके फिरतात.

चार चाकांचे दोन प्रकार

चारही चाके फिरवणाऱ्या गाड्यांतही दोन जाती आहेत, हे समजून घेतले पाहिजे.

पहिल्या जातीत ड्रायव्हर स्वतः दांडा किंवा बटण वापरून पुढची-मागची चाके एकत्र जोडतो. जिम्नी, थार या जातीच्या. जोड अगदी पक्की बसते, म्हणून खोल बर्फात आणि चिखलात या गाड्या दमदार चालतात. परंतु कोरड्या डांबरावर ही जोड चालू ठेवून वळण घेऊ नये. वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते. जोड पक्की असल्याने ते जमत नाही आणि आतल्या दंडांवर व दातांवर ताण येतो. म्हणून कोरडा रस्ता लागला की जोड सोडावी, बर्फ लागला की जोडावी. हे ड्रायव्हरच्या लक्षात राहणे महत्त्वाचे.

दुसऱ्या जातीत यंत्रणा आपोआप काम करते. एरवी पुढची चाके ओढतात, ती घसरू लागली की ताकद मागे पाठवली जाते. ग्रँड व्हिटाराची ऑलग्रिप या जातीची आहे. तिच्यात बर्फासाठी 'स्नो' अशी वेगळी खूणही असते. काश्मीरच्या रोजच्या रस्त्यावर दोन फर्लांग कोरडे, मग चिनारांच्या सावलीत गोठलेला तुकडा, पुन्हा कोरडे, असे चालते. तेथे ही जात अधिक सोयीची. खोल बर्फात मात्र पहिल्या जातीची बरोबरी ती करू शकत नाही.

दुसरी चूक : चढणे वेगळे, थांबणे वेगळे

पहिल्या अपघातानंतर आम्ही शिडी नीट वाचली आणि २०२३ च्या शरद ऋतूत जिम्नीची खालची पायरी, म्हणजे झीटा घेतली. शालीचे गाठोडे हलके असते. मागची आसने उभी असताना मागे २०८ लिटरच जागा आहे, ती पाडली तर ३३२ लिटर होते. आमचे काम भागणार होते. भाईजानांचे धाकटे बंधू नाराज झाले. "खालचे मॉडेल घेतले तर बाजारात लोक काय म्हणतील?" असे ते म्हणाले. भाईजानांनी उत्तर दिले, "लोकांनी मागच्या वर्षी वरचे मॉडेल ओढ्यात पाहिलेच आहे."

त्या हिवाळ्यात जानेवारी जवळजवळ कोरडा गेला. बर्फ महिनाअखेरीस आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पडला. गाडी तो चढ सहज चढली. आम्हाला समाधान वाटले आणि तेथेच दुसरी चूक झाली. परतताना उतारावर ड्रायव्हरने ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. सरळ घसरत जाऊन एका बागेच्या दगडी कुंपणावर आदळली. वेग कमी असल्याने कोणास इजा झाली नाही, पण पुढचा भाग चेपला. चार चाकांची यंत्रणा असूनही असे का व्हावे?

उत्तर साध्या गणितात आहे. चार चाकांची यंत्रणा गाडी पुढे ढकलण्याच्या कामी येते. थांबवण्याचे काम ब्रेक करतात आणि ब्रेक तर प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतात. गाडी शेवटी थांबते ती टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीने. ही पकड कोरड्या डांबरावर जेवढी असते त्याच्या साधारण पाव हिस्सा दाबलेल्या बर्फावर उरते आणि काचेसारख्या बर्फावर जेमतेम आठवा हिस्सा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक दाबल्यावर कोरड्या डांबरावर सुमारे ८ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला सुमारे ३२ मीटर लागतात. काचेसारख्या बर्फावर ६० मीटरहूनही अधिक. शिवाय ब्रेकवर पाय पडेपर्यंतच्या एका सेकंदात ११ मीटर निघून जातात ते वेगळेच. वेग निम्मा, म्हणजे २० केला, तर ही अंतरे पावपट होतात : २, ८ आणि १६ मीटर. म्हणून बर्फात सर्वात स्वस्त आणि सर्वात खात्रीचे साधन कमी वेग हेच होय.

शिडीवर नसलेली वस्तू : टायर

पकड टायरची असेल तर मग चांगला टायर कोणत्या मॉडेलमध्ये मिळतो? कोणत्याच नाही! वर सांगितलेल्या गाड्या कोणत्याही पायरीच्या घ्या, कारखान्यातून त्या हिवाळी टायर लावून येत नाहीत. साधारण ७ अंशांच्या खाली उतरले की साध्या टायरचे रबर कडक होऊ लागते आणि पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्याच्या पृष्ठावरील बारीक चिरा बर्फात रुतून धरतात. खऱ्या हिवाळी टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकणाचे चित्र असते. ही खूण बर्फावर चाचणी झाल्यावरच मिळते. काही टायरांवर नुसते 'एम प्लस एस' असे लिहिलेले असते. ते कारखानदार स्वतःच लिहितो. त्याला चाचणीची अट नाही. कापडावर 'शुद्ध' लिहिणे आणि तपासणीचा शिक्का असणे यांत जो फरक, तोच येथेही आहे.

वरच्या पायरीचे मोठे चाक येथे उलट खर्चात टाकते. महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचे उदाहरण पाहा. खालच्या झेड-४ ला १७ इंची लोखंडी चाके येत, वरच्या झेड-८ एलला १८ इंची अलॉयची. चाक मोठे झाले की टायर महाग पडतो, बाजूचे रबर उंचीला कमी राहते आणि खड्ड्याचा धक्का चाकाला अधिक बसतो. बर्फाच्या साखळ्यांनी अलॉयवर ओरखडे पडतात. लोखंडी चाक वाकले तर ठोकून सरळ करता येते, अलॉयला तडा गेला तर बहुधा बदलावेच लागते. शिवाय लोखंडी चाकांचा दुसरा संच स्वस्तात घेऊन त्यावर हिवाळी टायर कायमचे बसवून ठेवता येतात. नोव्हेंबरात चढवावे, मार्चअखेर उतरवावे. उन्हाळ्यात ते वापरू नयेत, मऊ रबर तापलेल्या रस्त्यावर लवकर झिजते.

चारही टायर एकाच जातीचे हवेत. दोनच हिवाळी लावले तर एक टोक धरते आणि दुसरे सुटते. हवेचाही हिशेब ठेवावा. तापमान १० अंशांनी उतरले की टायरमधील दाब सुमारे दोन पौंडांनी कमी होतो. सप्टेंबरात २५ अंशांवर भरलेली हवा जानेवारीत उणे ५ वर पाच पौंडांच्या आसपास घटते. महिन्यातून दोनदा थंड टायरवर दाब तपासावा.

साखळ्या मात्र नेहमी गाडीत असाव्यात, हिवाळी टायर असले तरी. बर्फ पडत असताना टंगमर्गहून गुलमर्गकडे चार चाकांच्या किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. साखळी टायरच्या मापाचीच घ्यावी, कोणत्या चाकांना लावायची ते गाडीच्या पुस्तिकेत पाहावे आणि घरी अंगणात दोन-तीनदा बसवून सराव करावा. अंधारात, गोठलेल्या बोटांनी पहिला धडा गिरवू नये. साखळीवर वेग फार ठेवू नये आणि कोरडा रस्ता लागताच ती काढावी.

कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

आता शिडीवरील वस्तूंची हिवाळ्याच्या दृष्टीने वर्गवारी करू.

अवश्य द्यावेत : चारही चाकांची यंत्रणा (चढउताराचा रोजचा रस्ता असेल तर), घसरण आवरणारी ईएसपी, मागच्या काचेची तापणारी तार आणि मागचा वायपर. थंडीत काचेवर वाफ धरते आणि मागचे काहीच दिसत नाही. तापणारे बाजूचे आरसे मिळत असतील तर तेही उपयोगाचे.

पटल्यास द्यावेत : चांगले दिवे. एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. जुन्या हॅलोजन दिव्याची काच स्वतःच तापते, त्यामुळे तिच्यावरचा बर्फ वितळतो. एलईडीचा प्रकाश अधिक, पण काच फारशी तापत नाही. म्हणून एलईडीसोबत दिवे धुणारा फवारा असणे चांगले. ज्याला पहाटे आणि धुक्यात रोज जायचे आहे त्याने यासाठी वरची पायरी घेतली तर तो खर्च वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही. आपोआप चालणारे वातानुकूलनही काच साफ ठेवण्यास सोयीचे, पण हेच काम हाताने करता येते. हीटरसोबत एसी चालू ठेवावा, कारण एसी हवेतील ओल काढतो, आणि बाहेरची हवा आत घ्यावी.

देऊ नयेत : छताची काचेची खिडकी, मोठी चाके, मोठा पडदा, रंगीत दिव्यांच्या पट्ट्या. छतावर बर्फ साचतो आणि खिडकीच्या पाणी जाण्याच्या नळ्यांत तो गोठतो. चामड्याचे आसन थंडीत बर्फासारखेच लागते.

इंजिनाबद्दल दोन शब्द. श्रीनगरच्या आसपास पेट्रोल असो वा डिझेल, दोन्ही चालतात. परंतु ज्यांना पश्मीच्या खरेदीसाठी लडाखकडे जावे लागते त्यांनी लक्षात ठेवावे की कडाक्याच्या थंडीत साधे डिझेल घट्ट होऊ लागते. यासाठीच इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल सुरू केले. ते उणे ३३ अंशांपर्यंत पातळ राहते. खालच्या मुलखातून टाकी भरून वर जाण्यापेक्षा तेथे पोहोचल्यावर तेथील डिझेल भरावे.

टॉप मॉडेलच्या बाहेरचा खर्च

९५ हजार वाचले म्हणून आम्ही ते खिशात घातले नाहीत, आणि दुसऱ्या अपघातानंतर तर ते राखून ठेवल्याचा आनंदच झाला. त्यांतून चार हिवाळी टायर शोधून मागवले, साखळ्या घेतल्या, नवी दमदार बॅटरी बसवली. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनाचे तेल जाड झाल्याने सुरू करायला ताकद मात्र अधिक लागते. म्हणून जुनी बॅटरी हिवाळ्याआधीच बदलावी. इंजिन थंड ठेवणारे कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. उन्हाळ्यात नुसते पाणी ओतत राहिलेल्या गाडीचे इंजिन पहिल्याच कडक रात्री फुटू शकते. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी ठेवू नये. रात्री वायपर उचलून ठेवावेत. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगडाची उटी लावावी, ओढलेला हँडब्रेक गोठून अडकू शकतो. रस्त्यावर मीठ टाकले असेल तर गाडीची खालची बाजू धुवावी, नाहीतर गंज धरतो.

हा सारा खर्च ९५ हजारांत बसला आणि थोडे उरलेही. त्यात ड्रायव्हरला एक पूर्ण दिवस मोकळ्या मैदानात बर्फावर गाडी चालवायला दिली. दुसऱ्या गिअरमध्ये हळूच निघणे, उतारावर गिअरनेच वेग आवरणे, एकदम स्टिअरिंग न फिरवणे, पुढच्या गाडीपासून लांब राहणे, हे तेथेच अंगवळणी पडले. मोडलेला हात जुळल्यावर तोच मुलगा पुन्हा आमच्याकडे कामावर आला होता. पहिल्या अपघातात दोष त्याचा नव्हता, आम्ही त्याला चुकीचे हत्यार दिले होते.

एक इशारा द्यायलाच हवा. बर्फात गाडी अडकली तर काचा बंद करून इंजिन चालू ठेवून झोपू नये. धुराची नळी बर्फाने बुजली की विषारी वायू आत येतो. त्याला वास नसतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसे गेली, त्यांत या वायूचे बळी होते. बंद गाडीत पेटती कांगडी ठेवणेही तितकेच घातक. नळीभोवतालचा बर्फ आधी दूर करावा, इंजिन थोडा थोडा वेळच चालवावे आणि खिडकी बोटभर उघडी ठेवावी. यापासून वाचवणारे मॉडेल कोणत्याही शिडीवर नाही.

शोरूममध्ये विचारायचे प्रश्न

१. या मॉडेलमध्ये इंजिन कोणती चाके फिरवते? पुढची, मागची की चारही? उत्तर छापील कागदावर दाखवा.
२. चारही असतील तर जोड हाताने करायची की आपोआप होते?
३. हीच यंत्रणा असलेली सर्वात खालची पायरी कोणती?
४. त्या पायरीत ईएसपी, मागच्या काचेची तापणारी तार आणि मागचा वायपर आहे काय?
५. टायरचे माप काय? त्या मापाचे हिवाळी टायर आणि साखळ्या मिळतात काय?
६. यापेक्षा लहान चाक या गाडीला कंपनीच्या परवानगीने बसते काय?
७. या पायरीत आणि वरच्या पायरीत कोणत्या वस्तूंचा फरक आहे आणि किती रुपयांचा?

सातव्या प्रश्नाचे उत्तर घरी आणून एकेका वस्तूपुढे लिहावे : ही वस्तू जानेवारीच्या सकाळी माझे कोणते काम करील? जिच्यापुढे काही लिहिता येणार नाही ती वस्तू आपली नाही.

आमच्या निवडीत उणिवा नाहीत असे नाही. जिम्नीत चारच माणसे बसतात, खड्ड्यात ती उसळते, झीटाचे दिवे अल्फाइतके प्रखर नाहीत. ज्याचे कुटुंब मोठे आहे किंवा माल जड आहे त्याला वेगळी गाडी, वेगळी पायरी घ्यावी लागेल. ज्याची फिरती सपाट, साफ केलेल्या रस्त्यावरच आहे त्याला चांगल्या हिवाळी टायरांवर दोन चाकांची गाडीही पुरेल. आमचे उत्तर तुमचे उत्तर असलेच पाहिजे असे नाही, परंतु प्रश्न तेच राहतील.

२०२४-२५ च्या हिवाळ्यात त्याच चढावरून तीच गाडी शाली घेऊन कित्येकदा आली-गेली. ज्या कारागिराची शाल चिखलात भिजली होती त्याने नवी शाल पूर्ण केली होती. भाईजान ती आणायला गेले तेव्हा तो आधी घराबाहेर आला, वाकून गाडीच्या टायरांवरून हात फिरवला, बारीक चिरा बोटांनी चाचपून पाहिल्या आणि मगच शाल त्यांच्या हाती दिली. पारख कशी करावी हे त्याला कोणी शिकवलेले नव्हते. आम्हाला मात्र ते शिकायला दोन हिवाळे लागले.